अकरा दगड, नऊ कार्डं: एका मिटिओराइट लॉटची खरेदी

माझ्या एका मित्राला मिटिओराइटच्या, म्हणजे आकाशातून पडलेल्या दगडांच्या, पूर्ण लॉटची ऑफर आली होती. एक जुने संग्राहक गेले, त्यांच्या मुलीला या विषयातलं फारसं काही माहीत नव्हतं, घर रिकामं करायचं होतं आणि वडिलांच्या कपाटात एका खोक्यात अकरा दगड आणि एका पाकिटात दगडांची नावं आणि वजनं लिहिलेली नऊ कार्डं सापडली. घर आवरताना कुणीतरी कपाट पुसायला म्हणून दगड एकीकडे काढले आणि कार्डं दुसरीकडे गोळा केली, झालं, जोड्या तुटल्या. मुलीने पूर्ण लॉटचा एकच आकडा सांगितला आणि म्हणाली की कार्डांवर नावं आहेत, तुम्ही तुमचं बघून घ्या. मित्राने मला फोन केला, अरे नावं वाचूनच मला घाम फुटलाय, सिखोटे-अलीन, कॅम्पो देल सिएलो, कॅन्यन डायाब्लो, गिबिऑन, आयेंदे, मर्चिसन, चेल्याबिन्स्क, मिलबिलिली आणि एनडब्ल्यूए 869, लगेच पैसे भरू का?

मी म्हटलं थांब, आणि हे प्रकरण सविस्तर लिहून काढायचं कारणही तेच आहे. मिटिओराइट विकत घेणारे बहुतेक जण दगड खरा का खोटा एवढंच बघतात. इथे जवळपास सगळे दगड खरेच होते. प्रश्न वेगळाच होता, कुठला दगड कोण आहे? कारण मिटिओराइटला नाव असतं म्हणजे त्याला एक पत्ता आणि काही वेळा एक तारीख असते. मिटिओरिटिकल सोसायटी म्हणजे मिटिओराइटचा अभ्यास करणाऱ्यांची आंतरराष्ट्रीय संस्था, तिची नाव देणारी कमिटी आहे, जिथे पडला किंवा सापडला त्याच्या जवळच्या ठिकाणावरून नाव ठरतं, त्यांच्या बुलेटिनचा डेटाबेस कुणालाही फुकट बघता येतो, त्यात वर्ग, एकूण सापडलेलं वजन, नमुना कुठल्या संस्थेत ठेवलाय हे सगळं असतं. नवीन मिटिओराइटला नाव हवं असेल तर 20 ग्रॅम किंवा एकूण वजनाच्या 20 टक्के, यातलं जे कमी असेल तेवढा तुकडा मान्यताप्राप्त संस्थेत जमा करावा लागतो. एवढं सगळं करून मिळालेलं नाव तुमच्या हातातल्या तुकड्याशी जोडून ठेवणारी गोष्ट मात्र एकच, ते कार्ड आणि त्याच्यावरचं वजन. ते सुटलं की संग्राहकाच्या दृष्टीने दगड अनाथ होतो आणि परत नाव लावायचं तर पुरावा लागतो, अंदाज चालत नाही.

तर पहिली अट आम्ही ही घातली की पैसे द्यायच्या आधी दगड बघायला मिळावेत, प्रत्येकाचं वजन दोघांसमोर करून यादीवर दोघांच्या सह्या व्हाव्यात आणि तपासून होईपर्यंत दगड त्यांचेच. मुलगी लगेच तयार झाली. वजनकाटा 0.1 ग्रॅमपर्यंत दाखवणारा होता, तेवढा पुरतो. आणि दुसरी गोष्ट मी आधीच सांगून ठेवली, कुणीही जोरदार मॅग्नेट लावायचा नाही. निओडायमियमचा मॅग्नेट दगडाला चिकटवून बघायची सवय सगळ्यांनाच असते, पण त्याने दगडातली मूळ चुंबकीय नोंद पुसली जाते, कायमची. मंगळावरून आलेला तो प्रसिद्ध ब्लॅक ब्यूटी, म्हणजे एनडब्ल्यूए 7034, त्याच्या कुटुंबातल्या तुकड्यांवर संशोधकांनी काम केलं तेव्हा कळलं की ज्या प्राचीन मंगळाच्या चुंबकक्षेत्राची नोंद मिळेल अशी आशा होती ती आधीच्या लोकांच्या हातातल्या मॅग्नेटने खराब झालेली आहे. मला हे वाचून फार वाईट वाटलं होतं. बारीक दोऱ्याला लहान साधा मॅग्नेट बांधून दगडाजवळ आणला, तो जरासा कलला, तेवढं बास, आणि तेही ज्याचं काहीच माहीत नाही अशाच दगडासाठी.

सोपे आधी काढून टाकले. लोखंडी तुकड्यांपैकी एकावर अंगठा दाबल्यासारखे खळगे आणि निळसर करडी झाक होती, वजन 143.1 आणि सिखोटे-अलीनच्या कार्डावर 143.2, प्रश्नच नाही. 12 फेब्रुवारी 1947 ला रशियाच्या अतिपूर्वेकडच्या भागात हे पडलं, वीस टनांच्या वर माल गोळा झाला, त्यामुळे बाजारात भरपूर आहे, पण त्याचेही दोन प्रकार असतात. काही तुकडे हवेत वरच सुटे होऊन स्वतंत्र वितळत आले, त्यांच्यावर हे खळगे असतात. काही जमिनीवर आपटून किंवा खालच्या हवेत फुटून फाटलेल्या पत्र्यासारखे वाकडेतिकडे झालेत, त्यांना श्रॅपनेल म्हणतात. खळगेवाल्यांना मागणी जास्त. हा तसा होता.

आयेंदेची स्लाइस, म्हणजे कापून काढलेली चपटी चकती, तीही लगेच कळली. काळसर करड्या रंगात पांढरे अनियमित ठिपके आणि गोल दाणे, कार्डावर 22.7, काट्यावर 22.6. हा मेक्सिकोत 8 फेब्रुवारी 1969 ला पडला, दोन टनांच्या वर सापडला, आणि ते पांढरे ठिपके म्हणजे सूर्यमालेत सगळ्यात आधी तयार झालेले घन पदार्थ, वय साधारण 456 कोटी 70 लाख वर्षं. मित्राने ती स्लाइस खिडकीजवळ धरली आणि बराच वेळ नुसता बघत बसला, त्याला मी घाई केली नाही.

चेल्याबिन्स्क म्हणून तीन छोटे तुकडे एका पिशवीत होते, हवेतून येताना वितळून झालेलं काळं कवच, आतून फिकट करडे आणि त्यात काळ्या शिरा, तिघांचं मिळून 9.3, कार्डावरही 9.3. 15 फेब्रुवारी 2013 ला जो आकाशात फुटला आणि खिडक्यांच्या काचांनी हजाराच्या वर लोक जखमी झाले तोच हा, आणि त्यानंतर त्याच्या नावाखाली काय काय विकलं गेलं त्याला सुमार नाही. बर्फात पटकन उचललेले तुकडे आणि नंतर बर्फ वितळल्यावर ओल्या मातीतून काढलेले तुकडे यातही फरक पडतो, दुसऱ्यांवर गंजाचे डाग येतात. हे स्वच्छ होते. एनडब्ल्यूए 869 ची तपकिरी स्लाइस वजनाने जुळली, दिसायलाही तशीच, वेगवेगळ्या रंगाचे तुकडे एकत्र चिकटल्यासारखे, पुढे गेलो.

मिलबिलिलीवर थोडं थांबायला हवं. चकचकीत काळं कवच, जवळजवळ वार्निश लावल्यासारखं, आणि त्याच्यावर ऑस्ट्रेलियातल्या लाल मातीची नारिंगी छटा. हा युक्राइट वर्गातला, म्हणजे वेस्टासारख्या लघुग्रहाच्या पृष्ठभागावरचा लाव्हा, त्यात धातू जवळपास नसतोच त्यामुळे मॅग्नेट ढिम्म हलत नाही. मॅग्नेट लागला नाही म्हणजे मिटिओराइट नाही असं समजून लोक असे सुंदर दगड फेकून देतात. 1960 च्या ऑक्टोबरमध्ये पश्चिम ऑस्ट्रेलियात पडला होता. वजन जुळलं, पण माझं लक्ष कार्डाच्या मागे होतं. तिथे एक्स्पोर्ट परमिटची झेरॉक्स घडी करून स्टेपल केलेली होती. ऑस्ट्रेलियातून मिटिओराइट बाहेर न्यायला सांस्कृतिक वारशाच्या 1986 च्या कायद्याखाली परमिट लागतं, आणि मला त्या गेलेल्या संग्राहकाबद्दल पहिल्यांदा खरा आदर वाटला तो त्या पिवळ्या पडलेल्या कागदामुळे. दुकानदाराने दिलेलं चकचकीत सर्टिफिकेट कुणीही छापू शकतो. असा कंटाळवाणा कागद जपून ठेवणारा माणूस बाकीच्या बाबतीतही नीट असणार असं धरायला जागा असते, आणि पुढे ते खरंही ठरलं.

आता दोन लोखंडी गोळे. कार्डं दोन, कॅम्पो देल सिएलो आणि कॅन्यन डायाब्लो. खरी पंचाईत इथून सुरू झाली, कारण दोन्ही एकाच रासायनिक वर्गातले, दोन्हींचा आतल्या धातूच्या पट्ट्यांचा पॅटर्न जाडसर, बाहेरून दोन्ही गंजके तपकिरी. डोळ्यांनी यांना वेगळं करता येतं असं जो छातीठोकपणे सांगतो त्याच्याकडून मी काही घेणार नाही. लॅबमध्ये गॅलियम, जर्मेनियम, इरिडियम मोजले तर फरक काढता येतो पण त्यासाठी नमुना द्यावा लागतो.

एका गोळ्याच्या खालच्या बाजूला, गंजाच्या पापुद्र्याखाली अर्धवट झाकलेला, नखाएवढा पांढऱ्या रंगाचा ठिपका होता आणि त्यावर काळ्या शाईने काहीतरी. भिंगातून बघितलं, सी आणि 14. कॅन्यन डायाब्लोच्या कार्डाच्या कोपऱ्यात पेन्सिलने तेच, सी-14. वजन कार्डावर 187.5, काट्यावर 187.4. दगडावर थेट नंबर रंगवायची ही जुनी पद्धत आहे, म्युझियमं करतात, अमेरिकेतले नावाजलेले मिटिओराइट संग्राहक हार्वी नायनिंगर करायचे. त्यांच्या संग्रहाचा मोठा भाग 1958 मध्ये ब्रिटिश म्युझियमला आणि 1960 मध्ये ॲरिझोना स्टेट युनिव्हर्सिटीला गेला, आणि त्यांच्या हातचा नंबर असलेला तुकडा आजही त्याच मिटिओराइटच्या बिननंबरी तुकड्यापेक्षा महाग जातो. हल्लीच्या लोकांना वाटतं रंग लावला की नमुना खराब झाला. माझं मत अगदी उलट आहे, न दिसणाऱ्या बाजूला एक छोटा ठिपका आणि नंबर, एवढं प्रत्येकाने करावं, कार्ड हरवू शकतं पण ठिपका दगडाबरोबरच राहतो.

कॅन्यन डायाब्लो म्हणजे ॲरिझोनातला तो 1.2 किलोमीटर रुंदीचा खड्डा ज्याने पाडला तो, सुमारे 50,000 वर्षांपूर्वी. याच मिटिओराइटमधल्या ट्रॉयलाइट या लोखंड-गंधकाच्या खनिजातलं शिसं मोजून भूरसायनशास्त्रज्ञ क्लेअर पॅटरसन यांनी 1956 मध्ये पृथ्वीचं वय 455 कोटी वर्षं असं मांडलं, आणि आकडा अजून त्याच्या आसपासच आहे. म्हणून दिसायला अगदीच साधा असला तरी हा तुकडा संग्रहात हवाच असं मी मित्राला सांगितलं.

उरलेला गोळा मग आपोआप कॅम्पो? मित्राचं तेच म्हणणं होतं, दोनातला एक गेला की दुसरा राहिला. पण हा तर्क कच्चा आहे, कारण दगड अकरा आणि कार्डं नऊ, म्हणजे बिनकार्डाचे दगड आहेत हे आपल्याला माहीतच आहे, कशावरून हा त्यातला नाही? कार्डावर 312 ग्रॅम, काट्यावर 301.4. दहा ग्रॅमपेक्षा जास्त फरक. मग खोक्याच्या तळाशी एक झिपवाली पिशवी होती, तिच्यात नुसता गंजाचा भुगा आणि पापुद्रे, मुलगी ती फेकून देणार होती. ते वजन केलं, 8.7. बेरीज 310.1. गंज हवेतला ऑक्सिजन धरतो आणि बारीक धूळ उडून जाते त्यामुळे हिशोब तंतोतंत लागत नाही, पण एवढं जवळ आल्यावर आणि एका पापुद्र्याची कड गोळ्याच्या एका खाचेत अचूक बसल्यावर मी मान्य केलं. मित्राने तो पापुद्रा चिमट्याने धरून खाचेवर ठेवला तेव्हा कड दिसेनाशी झाली.

गंजाबद्दल इथेच सांगून टाकतो. कॅम्पो अर्जेंटिनात चारएक हजार वर्षं ओल्या मातीत पडून होतं, फटींमधून क्लोराइड आत गेलेलं असतं आणि ते बाहेर काढल्याशिवाय गंज थांबत नाही, वरून तेल लावून काही होत नाही. कोरडा अल्कोहोल, नीट वाळवणं, मग हवाबंद डब्यात सिलिका जेल आणि जेलचा रंग बदलला की बदलायचं. घेणाऱ्याने हा खर्च आणि ही कटकट किमतीतच धरावी.

कॅम्पोची दुसरी बाजू कायद्याची. अर्जेंटिनाने 2007 च्या 26.306 नंबरच्या कायद्याने मिटिओराइटना सांस्कृतिक संपत्तीत टाकलं. तिथले लोक या बाबतीत हळवे आहेत आणि का नसावेत, कॅम्पोचेच दोन प्रचंड तुकडे, एल चाको आणि 2016 मध्ये वर काढलेला गान्सेदो, दोन्ही 28 टनांच्या वरचे, त्यांच्या जमिनीत सापडलेत. आमच्या कार्डावर खरेदीचं वर्ष 1998 होतं, डीलरचं बिल सोबत टाचलेलं. ते नसतं तर मी मित्राला हा तुकडा सोडून द्यायला सांगितलं असतं, कितीही स्वस्त असला तरी. विकणारे बिनधास्त सांगतात की जुन्या संग्रहातला आहे. जुन्या संग्रहातला आहे तर जुना कागद दाखवा ना.

आता उरलेली लोखंडी स्लाइस. ॲसिडने एच केलेली, म्हणजे ॲसिड लावून आतला पॅटर्न उघडा केलेली, हातात फिरवली की एकात एक गुंतलेल्या बारीक पट्ट्या चमकायच्या, ज्याला विडमनश्टेटन पॅटर्न म्हणतात. निकेल आणि लोखंडाचा मिश्रधातू लघुग्रहाच्या पोटात दहा लाख वर्षांत काही अंश ते काही हजार अंश अशा सावकाश गतीने थंड झाला तरच या पट्ट्या तयार होतात, म्हणून कारखान्यात हे जमत नाही. पट्ट्यांची रुंदी मोजली की वर्ग कळतो. कॅन्यन डायाब्लोमध्ये पट्ट्या साधारण 2 मिलिमीटर, कॅम्पोत त्याहून जाड, सिखोटे-अलीनमध्ये तर इतक्या जाड की लहान तुकड्यात पॅटर्न दिसतच नाही. या स्लाइसमध्ये पट्ट्या 0.3 मिलिमीटरच्या आसपास होत्या. बारीक. म्हणजे गिबिऑन, आणि गिबिऑनचं कार्ड समोर होतंच, एच केलेली स्लाइस असंही त्यावर लिहिलेलं. मित्राने कार्ड उचलून स्लाइसखाली ठेवलंसुद्धा.

फक्त कार्डावर 81.6 होतं आणि स्लाइस 64.9.

मित्र म्हणाला कापून विकली असेल थोडी. शक्य आहे, पण मग एक कड ताजी कापलेली दिसायला हवी. भिंगातून चारही बाजू बघितल्या, तीन बाजूंना मूळ बाहेरची कड होती आणि एक बाजू कापलेली पण तिच्यावरही बाकीच्याइतकंच जुनं एचिंग आणि जुना लॅकर, म्हणजे नंतर कापलेली नव्हती. शिवाय दोन ठिकाणी कडेवरून गंजाचे थेंब फुटलेले. गिबिऑन नामिबियाच्या कोरड्या हवेत राहिलेलं, ते सहसा शहाण्यासारखं वागतं. स्वीडनचं मुओनिओनालुस्ता मात्र त्याच वर्गातलं, तेवढ्याच बारीक पट्ट्यांचं, आणि उत्तर ध्रुववृत्ताच्या वर सुमारे दहा लाख वर्षं हिमयुगांच्या बर्फाखाली, चिखलात काढलेलं, ते गंजतं म्हणून बदनाम आहे. मी म्हटलं की मला हे मुओनिओनालुस्ता वाटतंय, पण वाटणं हा पुरावा नाही, त्यामुळे कार्ड लावायचं नाही आणि दुसरं नावही लिहायचं नाही. मित्र नाराज झाला. त्याला गिबिऑन हवं होतं, नामिबियाने ते संरक्षित केल्यापासून नवीन माल कायदेशीरपणे बाहेर येत नाही, आणि कार्डासकट जुनी स्लाइस मिळणं सोपं नसतं, हे मलाही कळत होतं.

आम्ही मुलीला विचारलं की वडिलांची एखादी वही, फाइल, जुनी बिलं, काहीही आहे का. माझा अनुभव आहे की घरच्यांना दगड दिसतात पण वही दिसत नाही, ती पुस्तकांमध्ये जाते. तिने शोधलं आणि एक रेघांचं रजिस्टर निघालं. 2011 पर्यंतच्या नोंदी त्यात होत्या, त्यानंतर बहुधा त्यांनी कंप्युटरवर घेतलं असणार आणि तो कंप्युटर आता नाही. रजिस्टरमध्ये गिबिऑनच्या ओळीवर एक रेघ मारलेली, शेजारी अदलाबदल असं लिहिलेलं, आणि तीन ओळी खाली मुओनिओनालुस्ता, स्लाइस, 64.9 ग्रॅम. गिबिऑन कधीच दुसऱ्याकडे गेलेलं आणि कार्ड चुकून मागे राहिलेलं.

आपण कार्ड लावून टाकलं असतं तर काय झालं असतं याचा विचार करा. पॅटर्न बरोबर, वर्ग बरोबर, कार्ड अस्सल, अक्षर अस्सल, आणि नाव चूक. पुढच्या खरेदीदाराला, त्याच्या पुढच्याला, कुणालाही शंका आली नसती. आणि ज्याच्याकडे खरं 81.6 ग्रॅमचं गिबिऑन आहे त्याच्याकडे कार्ड नाही. रजिस्टरमध्ये त्या देवाणघेवाणीतल्या माणसाचं नाव होतं, मुलीने त्यांना पत्र लिहिलं आणि कार्ड त्यांच्याकडे पाठवून दिलं. या सगळ्या प्रकरणातली मला सगळ्यात आवडलेली गोष्ट हीच.

उरले तीन. एक वाळवंटातला तपकिरी दगड, कार्ड नाही, नंबर नाही, आधीच कुणीतरी एका कोपऱ्यात घासून छोटी खिडकी केलेली आणि त्यात धातूचे कण चमकत होते. साधा कॉन्ड्राइट, म्हणजे मिटिओराइटमधला सगळ्यात नेहमीचा दगडी प्रकार, रंग आणि घासलेला पोत बघता सहारातला असावा. असे दगड मोरोक्कोच्या बाजारातून किलोवर येतात, कुठे सापडले हे कुणी लिहून ठेवत नाही, म्हणूनच तर एनडब्ल्यूए म्हणजे वायव्य आफ्रिका आणि पुढे आकडा अशी नावं द्यावी लागली. तपासणी होऊन आकडा मिळाला तरच ते नाव. मित्राने विचारलं की 869 सारखाच दिसतो, याला पण 869 म्हणूया का. नाही. दिसण्यावरून नंबर चिकटवणं हा या छंदातला फार पसरलेला रोग आहे. त्यावर वर्गीकरण नाही एवढंच लिहिलं आणि त्याच भावाने घेतला.

दुसरा काळा, जड, गुळगुळीत दगड. मुलीची समजूत होती की सगळ्यात मौल्यवान हाच, कारण वडिलांच्या टेबलावर कायम हा असायचा. न चकाकलेल्या टाइलच्या मागच्या बाजूवर हलकेच ओढला, लालसर तपकिरी रेघ उमटली. हेमॅटाइट, पृथ्वीवरचाच. तिला सांगताना मला जड गेलं पण सांगितलं, आणि हा तुमच्याकडेच ठेवा असंही सांगितलं. रजिस्टरच्या पहिल्याच पानावर त्याची नोंद होती, त्यांनी विकत घेतलेला पहिला दगड, आणि खाली दुसऱ्या शाईत, नंतर कधीतरी लिहिलेलं, मिटिओराइट नाही. म्हणजे त्यांना माहीत होतं. ती ते पान बराच वेळ वाचत राहिली.

तिसरी ती कुपी. काचेची, बोटाच्या पेराएवढी, आत काळा चुरा आणि दोन-चार मोठे कण, लेबल नाही. आणि शिल्लक कार्ड एकच, मर्चिसन, तुकडे, 2.1 ग्रॅम. कुपीतला माल 1.4.

मर्चिसन म्हणजे काय हे ज्याला माहीत आहे त्याचा हात इथे थरथरतो. 28 सप्टेंबर 1969, ऑस्ट्रेलियातलं व्हिक्टोरिया राज्य, शंभर किलोच्या वर सापडलेला कार्बनयुक्त दगड, ज्यात पृथ्वीबाहेर तयार झालेली अमिनो आम्लं मिळाली, आणि ज्यातले काही कण 2020 च्या अभ्यासात सुमारे 700 कोटी वर्षं जुने निघाले, म्हणजे सूर्याच्याही आधीचे. ग्रॅमची किंमत साध्या कॉन्ड्राइटच्या कितीतरी पट. पण काळा चुरा आयेंदेचाही असू शकतो, स्लाइस कापताना पडलेला, कुणी जपून ठेवलेला. दोन्हींत पांढरे कण असतात. मर्चिसनमधले गोल दाणे लहान असतात, आयेंदेमधले मोठे, पण चुऱ्यात ते कळत नाही. मुलीने सरळ विचारलं, कार्ड आहे, कुपी आहे, दुसरं काही उरलेलं नाही, मग अडचण काय? गिबिऑनच्या वेळीही अगदी असंच होतं, असं मी म्हटल्यावर तिला पटलं.

लॉटची बाकीची खरेदी तेव्हाच उरकली. एका आकड्याऐवजी प्रत्येक नगाचा वेगळा भाव लावला, कुठला का महाग हे तिला समजावून सांगितलं, आयेंदे आणि मिलबिलिलीचा भाव तिच्या अपेक्षेपेक्षा वर गेला आणि कॅम्पोचा खाली आला. तिला माहीत नाही म्हणून गप्प बसायचं हे मला मान्य नाही, घरच्यांना एकदा फसवलं की त्या घरातली वही, बिलं, पत्रं कधीच बाहेर येत नाहीत आणि वहीशिवाय काय झालं असतं ते आपण बघितलं. कुपी तिच्याकडेच राहिली, तपासणी होईपर्यंत.

ओळखीतल्या भूशास्त्राच्या एका प्राध्यापकांनी चिमूटभर चुऱ्यावर एक्स-रे डिफ्रॅक्शन, म्हणजे एक्स-रेने खनिजं ओळखायची तपासणी, करून द्यायचं कबूल केलं. मर्चिसन ज्या सीएम वर्गातला आहे त्यात खनिजं पाण्याने बदललेली असतात, सर्पेंटाइनसारखी पापुद्र्याची खनिजं भरपूर, आणि तपासणीच्या आलेखात त्यांचा ठरलेला पीक, म्हणजे टोक, येतो. आयेंदे त्या मानाने कोरडा, त्यात तो पीक येत नाही. म्हणजे निदान या दोघांतला प्रश्न सुटला असता. रिझल्ट आला, पीक स्पष्ट होता. आयेंदे नाही, सीएम वर्गाशी जुळतंय.

मित्र फोनवर ओरडलाच, मर्चिसन! मी म्हटलं, सीएम. कारण एप्रिल 2019 मध्ये कोस्टा रिकात अग्वास सार्कास पडला, तोही सीएम, तोही काळा, आणि त्याचे छोटे तुकडे आणि चुरा तेव्हापासून बाजारात आहे. रजिस्टर 2011 ला संपतं. त्यात मर्चिसनची 2.1 ग्रॅमची ओळ आहे, तिच्यापुढे पेन्सिलची एक बरोबरची खूण आहे आणि खुणेचा अर्थ कुठेही लिहिलेला नाही. विकला, दिला, का नुसता मोजून बघितला, आणि 0.7 ग्रॅम गेले कुठे? 2011 नंतरही हे गृहस्थ खरेदी करत होते हे चेल्याबिन्स्कच्या कार्डावरून दिसतंच. शक्यता जास्त मर्चिसनची आहे, मला विचाराल तर बरीच जास्त. कार्डावर शक्यता लिहिता येते, नाव लिहिता येत नाही.

मित्राने कुपी घेतली, बिननावाच्या सीएमच्या भावाने, मुलीला तो भाव योग्य वाटला. नवीन कार्डावर आम्ही लिहिलं, कार्बनयुक्त कॉन्ड्राइट, सीएम वर्गाशी जुळणारा, नाव अनिश्चित, तपासणीनंतर शिल्लक 1.3 ग्रॅम, एक्स-रे तपासणीची प्रत सोबत, आणि खाली त्या जुन्या संग्रहाचं नाव. मर्चिसनचं जुनं कार्ड रजिस्टरच्या त्या पानाच्या फोटोबरोबर वेगळ्या पाकिटात ठेवलंय, कुपीला न चिकटवता, पण त्याच डब्यात. बाकी आठ नगांवर खालच्या बाजूला नवे ठिपके आणि नंबर घालून झाले, सी-14 चा जुना ठिपका मात्र तसाच ठेवला, त्याच्याशेजारी काही लिहिलेलं नाही. कॅम्पो अजून अल्कोहोलमध्ये बुडवलेलं आहे आणि अल्कोहोल अजूनही पिवळं होतंय.